पिल्लं परत गेल्यावर : एका प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत वर्गात अंडी उबवून दाखवतात, त्याविरुद्ध मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं असं, की दहा धड्यांतून जे कळत नाही ते टरफल फोडणारं एक पिल्लू शिकवतं, शहरातल्या मुलांच्या वाट्याला एवढं तरी येऊ द्या. आणि चिकन खाणाऱ्या बाईने पिल्लांचा कळवळा आणू नये. तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलंत आणि हा प्रश्न शिकवण्याचाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अंड्यातून शिकण्यासारखं खूप आहे, याबद्दल वादच नाही. ॲरिस्टॉटलने तिसऱ्या दिवसाच्या अंड्यात धडधडणारा रक्ताचा ठिपका पाहिला होता. आज अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरला तर चौथ्या-पाचव्या दिवशी कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. पण इथल्या बहुतेक वर्गांत हे घडतच नाही. अंडी उबवायची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, भाड्याने येते ती जवळपास पूर्ण उबलेली अंडी घेऊन. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात, मुलं त्यांना हातात घेतात, नावं देतात आणि पुढच्या आठवड्यात पेटीसकट पिल्लं परत जातात. एकवीस दिवसांतले शिकण्याचे अठरा दिवस मुलांनी पाहिलेलेच नसतात. राहतो तो फक्त गोंडसपणा.

शिवाय त्यात आई कुठेच नाही. तुमच्या गावची खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एखाद्या वेळी दाणापाण्याला उठते, चोचीने अंडी फिरवत राहते आणि बाहेर पडण्याआधी पिल्लू आतून चिवचिवलं की त्याला उत्तर देते. इन्क्युबेटर साडेसदतीस अंश तापमान नीट राखतो, पण हे बोलणं त्याला येत नाही. आई-पिल्लाचा हा व्यवहार सुरू होतो अंड्यातच, आणि जन्म म्हणून मुलांना जे दाखवतात त्यातून नेमका तोच गळलेला असतो.

आता रंगाबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. या पेट्यांतून बहुधा दोन रंगांची पिल्लं निघतात, काही तांबूस, काही पिवळी. मुलांना त्याची गंमत वाटते. पण हा संकर असा केलेला असतो की पहिल्याच दिवशी रंगावरून मादी आणि नर ओळखता यावेत : तांबूस त्या माद्या, पिवळे ते नर. अंड्यांच्या धंद्यात नराचा उपयोग नाही आणि या जातीचा नर मांसासाठी पोसणं परवडत नाही, म्हणून हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवण्याच्या कारखान्यात, ते जन्मताच मारले जातात. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून यावर बंदी आणली. वर्गातल्या नरांना थोडे दिवस जास्त मिळतात. पुढे बांग देणारा कोंबडा शहरी वस्तीत कोण ठेवणार? मुलांना मात्र सांगतात, ‘पिल्लं शेतावर गेली.’ ज्या बाईंनी प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांनीच पहिल्या खऱ्या प्रश्नाला असं उत्तर द्यायचं, हे मला सहन होत नाही. प्राणिकल्याणाचं काम करणारी आरएसपीसीए ही संस्थाही असे प्रकल्प करू नका असंच शाळांना सांगते.

आजाराचा मुद्दाही आहेच. पिल्लं निरोगी दिसली तरी त्यांच्यापासून साल्मोनेला या जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी त्यांना हाताळू नये, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. इंग्लंडमध्ये मुलं चौथ्या वर्षीच शाळेत जातात.

हो, मी चिकन खाते. म्हणूनच मुलांपासून लपवू नये म्हणते. ताटातली कोंबडी कुठून येते हे माझ्या मुलांना ठाऊक आहे.

तुम्ही शेवटी विचारलंत, की तुमच्या जुन्या शाळेसाठी इन्क्युबेटर घ्यावा का. माझं मत : घेऊ नका. ज्या विद्यार्थ्याच्या घरी गावठी कोंबडी आहे तिथे ती खुडूक बसायची वाट बघा आणि अंडी तिच्याखालीच ठेवा. ती दाणापाण्याला उठेल तेव्हा दोन-तीन मुलांनी जाऊन एखादं अंडं टॉर्चवर धरावं, वहीत चित्र काढावं आणि परत ठेवावं. अठराव्या दिवसानंतर अंड्याला कोणी हात लावू नये. एखादं पिल्लू अडकलेलं दिसलं तर मुलं टरफल सोलायला धावतील, त्यांना अडवा. आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या सुकल्या नसतील तर रक्त वाहतं. आणि नर मोठे झाल्यावर त्यांचं काय करणार, हे त्या घरी आधीच विचारून ठेवा. उत्तर ‘जत्रेला कापणार’ असं आलं तरी मुलांना तेच सांगा.