ह्यूस्टनचा उन्हाळा हलक्यात घेऊ नका

एका लेखात म्हटलंय की रिटायर झाल्यावर मिनेसोटाची थंडी सोडून सरळ टेक्सासला जावं, मला हे अजिबात पटलं नाही. मिनेसोटातल्या मिनियापोलिसला जानेवारीत उणे २० अंश होतं, २०१९ च्या पोलर व्होर्टेक्समध्ये (ध्रुवाकडून खाली आलेल्या बर्फाळ हवेच्या लाटेत) तर उणे ३३ पर्यंत गेलं होतं, सगळं मान्य, पण ते शहरच थंडीसाठी बांधलंय, डाउनटाउनच्या इमारती बंदिस्त स्कायवेने (रस्त्यावरून जाणाऱ्या पादचारी पुलांनी) जोडल्यात, घरात हीटिंग, आणि कपड्यांचे थर चढवले की माणूस बाहेर पडू शकतो. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला अंगावरून काढून काढून काय काढणार? मेक्सिकोच्या आखातावरून येणारी हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होणार कसं, रात्रीसुद्धा पारा २५ च्या आसपासच. मुंबईचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, फक्त इथे तो सप्टेंबरपर्यंत चालतो!! आणि सगळी भिस्त एसीवर, जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळात २० लाखांवर ग्राहकांची वीज गेली, कित्येकांकडे ऐन उकाड्यात बरेच दिवस आलीच नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना तिकडे हलवायचा विचार असेल तर प्लीज आधी ऑगस्टमध्ये आठवडाभर राहून बघा, डिसेंबरातली हवा बघून घर घेऊ नका.