गावठी वाल की सुधारित : त्या ‘दीडपट’चा हिशेब

भात निघाल्यावर ओलीवर पेरायच्या वालाबद्दल मुरबाड-शहापूरच्या शेतकरी गटांत एक संदेश फिरतोय : ‘आम्लधर्मी जमिनीत सुधारित वाण गावठीच्या दीडपट पिकतो. शेजारी शेजारी लावलं, 3 बाय 1 मीटरच्या तुकड्यात सुधारित 540 ग्रॅम, गावठी 360. मातीचा सामू (pH) 5.2. म्हणजे हेक्टरी 18 क्विंटल विरुद्ध 12.’ गुणाकार बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

‘हेक्टरी 18 क्विंटल’ : तुकड्याभोवती मोकळी वाट असली की कडेची झाडं बाहेरची ओल आणि ऊन घेतात. चारही बाजूंनी 15 सेंटिमीटर जरी धरले, तरी झाडं 3 नव्हे, 4.29 चौरस मीटरवर पोसली गेली. मग 18 चे साडेबारा होतात. म्हणून तुकडा मोठा घ्यायचा, कडेच्या ओळी सोडायच्या आणि आतलंच पीक तोलायचं. वेल पसरणारा वाण शेजाऱ्याचीही जागा खातो, तेव्हा दीडपट हे प्रमाणसुद्धा खात्रीचं नाही.

‘शेजारी शेजारी लावलं’ : खाचरात खालच्या बांधाकडे ओल जास्त दिवस टिकते आणि हे पीक त्या ओलीवरच उभं असतं. एकेकच तुकडा असेल तर वाण जिंकला की जागा, हे सांगता येत नाही. उताराला आडवे निदान चार पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात दोन्ही वाण हवेत, कुठला कुठे ते चिठ्ठी टाकून ठरवा. बी किलोवर नको, दाणे मोजून पेरा, नाहीतर बारीक दाण्याची झाडं जास्त उगवतात.

दाणे किती वाळले होते, तेही संदेशात नाही. 18 टक्के ओलाव्याचे 540 ग्रॅम 10 टक्क्यांवर 492 च भरतात. बिरड्यासाठी हिरव्या शेंगा खुडल्या असतील तर त्याही धरायला हव्यात.

मुख्य मुद्दा आम्लतेचा. खाचरात पाणी उभं असताना आम्ल मातीचा सामू वर चढतो, पाणी हटून हवा लागली की पुन्हा उतरतो. त्यामुळे नमुना वाल पेरतानाचाच हवा. आणि ‘आम्लता सोसतो’ म्हणायचं तर तीच जोडी चुना दिलेल्या पट्ट्यातही लावावी लागते. चुनखडीची पूड माती परीक्षणात निघेल तेवढी, भाताच्या चिखलणीआधीच मिसळायची. तिथेही सुधारित दीडपटच आला, तर तो एरवीही जास्त पिकणारा वाण आहे, आम्लतेशी त्याचा संबंध नाही. चुन्यावर फरक मिटला, तरच दाव्यात दम आहे. फुलोऱ्याआधी दोन्हीकडची पाच-पाच झाडं मुळांसकट काढून मुळांवरच्या गाठी चिरून पाहा : आतून गुलाबी असतील तर नत्र बांधलं जातंय, पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर नाही.