गॅटाका, जिद्द आणि सिकलसेलचं कार्ड

जनुकांवरच्या पिक्चरचा विषय निघाला की अजूनही पहिलं नाव 1997 च्या 'गॅटाका'चं येतं. आणि कौतुक दरवेळी तेच: "बघा, हलक्या जनुकांचा व्हिन्सेंट निव्वळ जिद्दीवर अंतराळात गेला!" मला हे कौतुक अर्धवट वाटतं. त्या पिक्चरची खरी ताकद कागद कोण आणि कसा वाचतो हे दाखवण्यात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या माणसाला हे चटकन कळावं, कारण जनुकाचा कागद आपल्याकडे कधीच घरात आलाय. सिकलसेलचं कार्ड. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आणि कार्डावर त्याच्या तपासणीचा निकाल.

व्हिन्सेंट जन्मतो न जन्मतो तोच रक्ताचा थेंब तपासून नर्स वाचून दाखवते: मज्जासंस्थेचा आजार 60%, हृदयविकार 99%, आयुष्य 30.2 वर्षं. इथपर्यंत ठीक, शक्यता आहे ती. पण पुढे सगळे ती शक्यता निकाल म्हणूनच वाचतात. पोर पडलं तर विमा भरपाई देणार नाही म्हणून शाळा नाकारते. नोकरीची मुलाखत म्हणजे लघवीची तपासणी, प्रश्न एकही नाही.

हे कल्पनेतलं वाटत असेल तर एक आठवण करून देतो. अमेरिकेच्या वायुदल अकादमीत सिकलसेलच्या वाहकांना, म्हणजे आजार नसलेल्या धडधाकट पोरांना, प्रवेश बंद होता. ती बंदी 1981 मध्ये उठली. पिक्चर आला त्याच्या 16 वर्षं आधी.

आता आपल्याकडे या. उपकेंद्रात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीत साधारण 2 मिली द्रावण, त्यात बोटातलं 20 मायक्रोलिटर रक्त, पाचेक मिनिटं थांबायचं. मग नळी छापील कागदासमोर धरायची. मागच्या ओळी दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन ओळी झाकल्या तर पॉझिटिव्ह. बस. ही टेस्ट एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) यांत फरक करत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच लागते, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, तिथे ही टेस्ट फसते. अंगात रक्त फार कमी असलं तरी फसते, नुकतीच रक्ताची बाटली चढवली असली तरी फसते. तरी गावात "पॉझिटिव्ह निघाली" एवढ्यावर साक्षगंध मोडतात. मुलीचं कार्ड मागायचं, मुलाचं कुणी विचारायचं नाही, हे वर. एएस मुलीचं लग्न एए (दोष नसलेल्या) मुलाशी झालं तर त्यांचं एकही मूल सिकलसेलचं रुग्ण होत नाही. हे गणित सोयरीक जुळवणाऱ्या किती जणांना पाठ आहे?

दोघंही एएस असले की मात्र प्रश्न. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात 25% एसएस, 50% एएस, 25% एए. प्रत्येक वेळी नव्याने. "पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन बरी" हा हिशोब साफ चुकीचा. उलटही खरं आहे: चार लेकरं होऊन एकही एसएस नसण्याची शक्यता जवळपास 32% उरते. या आकड्यांची पत्रिका करून भिंतीला टांगली की गॅटाका सुरू झालाच समजा.

पण मी जिद्दवाल्यांच्याही बाजूने नाही, आणि हे जरा सविस्तर सांगायला हवं. पिक्चरमध्येच एक जागा आहे जी लोक विसरतात. व्हिन्सेंट जेरोम नावाच्या अव्वल जनुकांच्या माणसाची ओळख वापरून नोकरी करतो, आणि ट्रेडमिलवर त्याच्याच हृदयाचे रेकॉर्ड केलेले ठोके लावून धावतो. रेकॉर्डिंग संपतं, आणि आडोशाला जाऊन व्हिन्सेंट छाती धरून कोसळतो. म्हणजे हृदय खरंच कमजोर आहे. जिद्दीने ते बरं झालेलं नाही, फक्त लपलंय. शनीच्या टायटन या चंद्राच्या वाटेवर ते बंद पडलं तर सोबतच्यांचं काय, हा प्रश्न पिक्चर शिताफीने टाळतो.

आपल्या भागात हीच जिद्दीची भाषा एसएस पोराच्या जिवावर उठते. धानाच्या रोवणीत चिखलपाण्यात दिवसभर वाकून काम, वर पावसाचा गारठा, पाणी पिणं कमी. असं झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडं ठणकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग घरचेच म्हणतात, "अंग चोरते पोट्टा. मन घट्ट केलं तर होते सगळं." त्याला पाणी हवं, ऊब हवी, दुखणं थांबवणारं औषध हवं, आणि ताप किंवा छातीत दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

गंमत अशी की एसएसच्या बाबतीत जनुकातला बदल सगळ्यांचा तोच: बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. तरी एकाला वर्षात दुखण्याचा एखादा झटका, दुसऱ्याला महिन्याआड भरती. कुणाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, कुणाला सोबत अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक दोष) असतो, आणि कुणाला हायड्रॉक्सीयुरिया हे झटके कमी करणारं औषध वेळेवर मिळतं. पहिल्या दोन गोष्टीही जनुकांच्याच. तिसरी व्यवस्थेची, आणि आपल्या हातातली तेवढीच. त्या कॅप्सूलचा गुण यायला काही महिने जातात, मधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. लोक दोन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून सोडतात, नाहीतर साठा संपतो आणि पुढची खेप येईपर्यंत खंड पडतो. व्हिन्सेंटला पोहायची शर्यत जिंकून देणाऱ्या पटकथेत हे बसत नाही.

म्हणून मला पिक्चरमध्ये जेरोम जास्त खरा वाटतो. जनुकं अव्वल, तरी पोहण्यात रौप्यपदक. कागद पहिला नंबर म्हणत होता, माणूस दुसरा आला आणि त्याच ओझ्याखाली पिचला. आपल्याकडे कार्डवर एए आहे म्हणून तपासणीकडे पाठ फिरवणारे याच जातीचे.

लग्नाआधी कार्ड बघायचंच असेल तर दोघांचं बघा, आणि सोल्युबिलिटीचं नाही, एचपीएलसीचं. दोघंही एएस असाल आणि लग्न करायचं असेल तर खुशाल करा. दिवस गेले की लगेच पीएचसीत सांगा, कारण वारेचा नमुना घेऊन होणारी पोटातल्या बाळाची तपासणी साधारण 10 ते 12 आठवड्यांत करतात, आणि आपल्या भागातून मोठ्या शहरातल्या केंद्रापर्यंत पोचण्यातच दोन आठवडे जातात.