जनधन खात्यातील दहा हजार रुपयांविषयी खुलासा

‘आर्थिक साक्षरता वर्गाला हजेरी लावा, जनधन खात्यात १०,००० रुपये मिळवा, नोंदणीसाठी ओटीपी कळवा’ असा संदेश ठाण्यातील कळवा आणि वागळे इस्टेट या भागांतील बचत गटांत फिरत आहे. तो खोटा आहे.

योजनेच्या नियमांत १०,००० चा आकडा आहे खरा (गैरसमज बहुधा तिथूनच झाला असावा), परंतु ती ओव्हरड्राफ्टची कमाल मर्यादा आहे, म्हणजे पात्र खातेदाराला व्याजासह फेडावे लागणारे कर्ज, आणि वर्गाच्या हजेरीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बँकांच्या आर्थिक साक्षरता केंद्रांतील मार्गदर्शन विनामूल्य असते. तिथे घरखर्चाची वही कशी लिहावी हे शिकवतात, ओटीपी मागत नाहीत.

ज्यांनी ओटीपी दिला असेल त्यांनी ताबडतोब आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये.