देवनागरी पत्ते, जुन्या तारखा आणि माझी चूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ब्लॉगवरच्या लेखांचे वेब-पत्ते (यूआरएल) गूगलसारख्या शोधयंत्रांना सोयीचे कसे करावेत, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. एक, लेख मराठीत आणि पत्ता रोमन अक्षरांत, हा सल्ला म्हणजे आपल्याच लिपीवरचा अविश्वास. दोन, पत्त्यातल्या शब्दांना गूगल फारसं विचारत नाही, तेव्हा हा खटाटोप व्यर्थ. तीन, माझं वाचून तुम्ही सगळ्या जुन्या लेखांच्या पत्त्यांतून तारीख काढलीत आणि तीन महिन्यांत शोधातून येणारे वाचक निम्म्यावर आले. तिसऱ्यापासून सुरुवात करतो. तिथे तुमचं नुकसान झालंय, आणि त्यात माझा वाटा आहे.

वर्ष-महिना असलेला लांब पत्ता टाळा, नुसतं लेखाचं नाव ठेवा, असं मी लिहिलं होतं. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पोहोचवायची सोय आधी करा, हे मात्र अगदी शेवटी एका ओळीत उरकलं. ती ओळ सगळ्यात वर हवी होती. तुम्ही लेख वाचता वाचता सेटिंग बदललीत यात तुमची चूक नाही. कृती सांगणारा लेख लोक तसाच वाचतात. मी तुमची माफी मागतो.

शोधयंत्राच्या दृष्टीने पत्ता म्हणजेच पान. मजकुराचं एक अक्षरही न बदलता पत्ता बदलला, तरी त्याच्या लेखी जुनं पान नाहीसं झालं आणि एक नवं, अनोळखी पान जन्माला आलं. इतरांनी वर्षानुवर्षं दिलेले दुवे जुन्या पत्त्याकडेच बोट दाखवत राहतात आणि तिथे ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' असा संदेश, मिळतो. वाचकांचे बुकमार्क, कुणाला तरी पाठवलेले निरोप, सगळ्यांचं तेच.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये नेमक्या याच विषयावर लिहिलं होतं: चांगले पत्ते बदलत नाहीत. पुढे जाऊन काय बदलू शकतं ते ओळखा आणि ते पत्त्यात घालूच नका, असं त्यांचं म्हणणं. लेखकाचं नाव, विषयाची वर्गवारी, फाइलचा प्रकार, हे सगळं बदलतं. आणि न बदलणारी गोष्ट म्हणून त्यांनी दाखवली ती लेख तयार झाल्याची तारीख! म्हणजे मी जी तारीख काढायला सांगत होतो, ती पत्त्यातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट निघाली. तारखेमुळे पत्ता थोडा लांबतो आणि लेख जुना दिसतो, एवढाच तिचा दोष. मी टीका करायला हवी होती ती पत्त्यात वर्ग घालण्यावर. 'प्रवास' या वर्गातला लेख दोन वर्षांनी 'आठवणी'त हलवावासा वाटतो आणि पत्ता मोडतो.

आता तुमच्या ब्लॉगचं काय करायचं? तारखा परत घालू नका. तीन महिन्यांत नवे पत्ते नोंदले गेले असतील, ते पुन्हा मोडायला नकोत. त्याऐवजी प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्यावर कायमचा रीडायरेक्ट (आपोआप वळवण्याची सोय) लावा, त्याचा क्रमांक ३०१. तात्पुरता, म्हणजे ३०२, नको. तुमच्या बाबतीत लेखाचं नाव तेच आहे, फक्त वर्ष आणि महिना गळालाय, त्यामुळे शेकडो ओळी लिहायची गरज नाही, एका नियमात भागतं. सगळे जुने पत्ते मुख्य पानावर वळवायचा मोह होईल, तो टाळा. सायकलवरचा लेख शोधत आलेल्याला मुख्य पानावर आणून सोडलं तर त्याचा काही उपयोग नाही, आणि गूगलही अशा वळणाला बहुधा 'पान सापडलं नाही' असंच समजतं. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर अशी साखळीही नको, थेट न्या. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणेन, कधीच काढू नका. तुमचा ब्लॉग ज्यावर चालतो ती वर्डप्रेस प्रणाली पत्त्यातलं लेखाचं जुनं नाव लक्षात ठेवते हे खरं, पण ते एकेका लेखाचं नाव बदललं तर. सगळ्या पत्त्यांची रचना बदलल्यावर वर्डप्रेस पुष्कळदा अंदाजाने योग्य लेख गाठतो, पण त्या अंदाजावर विसंबू नका. तुमच्याच लेखांमधले एकमेकांना दिलेले दुवेही नव्या पत्त्यांवर आणा, आणि सर्च कन्सोलमध्ये (आपली पानं शोधात कशी दिसतात ते दाखवणारं गूगलचं साधन) 'सापडलं नाही' या यादीत कोणते पत्ते उरतात ते पाहत राहा.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळपास काहीच परिणाम होत नाही, हे गूगलच्याच प्राथमिक मार्गदर्शिकेत लिहिलंय. माझ्या लेखातलं 'पत्त्यात मुख्य शब्द घातला की वर याल' हे वाक्य मी काढून टाकलंय. तरीही वाचता येणारा पत्ता हवाच असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण माणसं आहेत. दुवा पुष्कळदा नुसताच चिकटवला जातो, पुढे-मागे एक शब्दही नसतो. तेव्हा तो उघडायचा की नाही हे ठरवायला समोरच्याकडे फक्त पत्ता असतो. प्रश्नचिन्ह आणि पुढे एक आकडा, एवढ्यावरून त्याला काय कळणार? (शब्दांमध्ये आडवी रेघ घाला, खालची रेघ नको, ही सूचना मात्र कायम आहे. तसं गूगलच सांगतं.)

आता लिपीचा मुद्दा, जो तुम्हाला सगळ्यात जास्त लागला. देवनागरी पत्ता शोधयंत्राला कळत नाही असं मी सुचवलं होतं. ते चुकीचं होतं. तुमच्या वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा, अशीच गूगलची शिफारस आहे, आणि मराठी विकिपीडियाचे पत्ते देवनागरीतच आहेत. उलट रोमनमध्ये मराठी लिहायला गेलं की भाषा चेपली जाते. 'वेळ' आणि 'वेल', 'मण' आणि 'मन' एकच होऊन बसतात. तुमचा राग योग्य आहे.

पण देवनागरीत एक खरी अडचण आहे, आणि ती लिपीची नाही, यंत्रणेची आहे. पत्ता इंटरनेटवरून जाताना आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं (बाइट म्हणजे संगणकातल्या माहितीचं छोटं एकक) होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. 'मराठी' हा छोटासा शब्द ४५ जागा घेतो. ब्राउझरच्या पट्टीत तो नीट दिसतो, पण तिथून कॉपी करून चिकटवला की बहुधा टक्क्यांची माळ उतरते.

वर्डप्रेसमध्ये यावर आणखी एक कात्री बसते. लेखाच्या नावापासून पत्ता बनवताना तो २०० जागांवर थांबतो, म्हणजे आपली जेमतेम २२ चिन्हं. 'सायकलची साखळी घरच्या घरी कशी बदलावी' या नावाला २७५ जागा लागतात. उरतं काय, तर 'सायकलची-साखळी-घरच्या-घरी'. ज्यासाठी लेख लिहिला ते 'कशी बदलावी' गळून जातं. कधी शब्दही मधोमध तुटतो. म्हणून आपोआप बनलेला पत्ता स्वीकारू नका, प्रकाशित करण्याआधी स्वतः लिहा: 'सायकल-साखळी-बदलणे'. १३७ जागा, आणि अर्थ पूर्ण.

दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं हा दुसरा सापळा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) २००८ साली स्वतंत्रपणे आलं, पण अनेक कीबोर्ड अजून अ आणि वरची चंद्रकोर जोडून तेच रूप काढतात. 'दुसऱ्या'मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. कुणी पत्ता हाताने टाइप केला आणि त्याचा कीबोर्ड तुमच्यापेक्षा वेगळा असला, तर पुन्हा ४०४. पत्त्यापुरते असे शब्द टाळलेले बरे.

गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर लिहिणाऱ्यांना देवनागरी पत्त्याचा पर्याय मिळतच नाही. मराठी नाव दिलं की तिथे 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा असा पत्ता बनतो, आणि स्वतः लिहायचा म्हटला तर रोमन अक्षरंच चालतात. माझा रोमनचा सल्ला तिथून आला होता, आणि मी तो सगळ्यांना लागू केला. तो ब्लॉगरपुरता ठेवतो: तिथे दोन-तीन सोपे शब्द रोमनमध्ये लिहा, आणि प्रकाशित करण्याआधीच लिहा. वर्डप्रेसवर देवनागरीच ठेवा, पंधरा-वीस चिन्हांत बसेल असं.

आणि दोन्हीकडे जुने पत्ते आहेत तसे राहू द्या, कितीही कुरूप असले तरी. मूळ लेखात हे आता सगळ्यात वर, ठळक अक्षरांत घातलंय, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे ही दुरुस्ती झाली हेही खाली नोंदवलंय.

तुमचा एक जुना आणि त्याच लेखाचा एक नवा पत्ता इथे खाली लिहा, आणि वर्डप्रेस तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे की नाही तेही सांगा. रीडायरेक्टचा नियम मी लिहून देतो. तो लावल्यावर आधी पाच-सहा जुने पत्ते उघडून पाहा, त्यात एखादा आडव्या रेघा आणि जोडाक्षरं भरपूर असलेला निवडा. तो नीट पोहोचला तर बाकीचेही पोहोचतील.