किडनी दिलेल्या माणसाबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपवर फिरतंय : ‘किडनी दिलेला माणूस निम्माच उरतो, शेतकाम सुटतं, रोज आठ लिटर पाणी प्यावं लागतं.’ हे खरं नाही.

उरलेली किडनी आकारानं वाढते, जास्त रक्त गाळू लागते. आधी दोन्ही किडन्या मिळून करायच्या त्यातलं साधारण ७० टक्के काम एकटी उचलते. १९५४ साली बोस्टनमध्ये जुळ्या भावाला किडनी देणारे रोनाल्ड हेरिक पुढे ५६ वर्षं जगले. आमच्या अक्कानंही भावाला दिली. यंदा गुडघाभर चिखलात उभी राहून तिनं भाताची रोपं लावली. पाणी तहान लागेल तसं पिते. मात्र वर्षाला रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घेते, अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच घेत नाही.

कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका. कुणाच्या तरी घरात आज किडनी द्यायची की नाही, हे ठरत असेल.