ऑक्टोपस चिवट का राहिला: लाखांदूरच्या ताईंना उत्तर

ताई, माझ्या ग्रीक ऑक्टोपसच्या लेखावर तुमचं म्हणणं असं की तिकडे बेटांवर ऑक्टोपस ताजा खातात, नागपूरहून आणलेला बर्फातला शिळाच, म्हणून तो 20 मिनिटं शिजवूनही रबरासारखा राहिला. शिवाय ग्रीक बेटांवर तो उपासाला चालतो, हे मी खोटं लिहिलं.

बर्फाचा दोष नाही. ग्रीक कोळी ताजा ऑक्टोपस खडकावर आपटतात, चाळीसदा आपटावा असं म्हणतात. त्यानं मांसाचे घट्ट तंतू सैल होतात. गोठताना बर्फाचे कण तेच काम करतात. फ्रोझनला बडवायची गरज नाही, फक्त रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या.

चुकली ती वेळ. बोडीतला रोहू दहा-बारा मिनिटांत होतो, ते गणित इथे लागत नाही. ऑक्टोपस तापला की आधी आवळतो, पाय आत वळतात. तुम्ही तो तेव्हाच उतरवला. पुढे मंद आचेवर त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, विरघळतं. बकऱ्याच्या पायांचा रस्सा बोटांना चिकटतो ना, तेच. लेखात मी ‘मऊ होईपर्यंत’ एवढंच लिहिलं होतं, ही माझी चूक. आता वेळ घातली आहे.

डोक्यासारखी दिसते ती पिशवी उलटी करून आतलं सगळं काढा. डोळे कापा, पायांच्या मधोमध असलेली चोच दाबून काढा. पायांवरच्या वाट्यांत वाळू असते. खडेमिठानं चोळून धुवा. मग गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी नाही, मीठ नाही, फक्त झाकण. त्याचंच जांभळट पाणी सुटतं. एक किलोला मंद आचेवर 45 मिनिटं ते एक तास. पायाच्या जाड भागात सुरीचं टोक उकडलेल्या बटाट्यात जावं तसं गेलं पाहिजे. त्याच पाण्यात निवू द्या, नाहीतर कातडी सोलून येते. वजन निम्म्यावर येतं, त्यामुळे चौघांना एक किलो जेमतेम पुरतो.

उपासाचं मात्र खरंच आहे. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक मटण-मासळी टाळतात, पण ऑक्टोपस, माकूळ, शिंपले ‘बिनरक्ताचे’ म्हणून चालतात. ऑक्टोपसला रक्त असतं, तांब्यामुळे निळसर. पण आपल्याकडेही ज्वारी चालत नाही आणि भगर चालते. काय कशात मोजायचं ते परंपरा ठरवते.

सावजी मसाला घालायचा तर ऑक्टोपस शिजल्यावर, शेवटची दहा मिनिटं. उरलेलं पाणी रश्श्यात घाला, पण मीठ टाकण्याआधी चाखा, ते मुळात खारट असतं.